पुढची सूचना येईपर्यंत

मागच्या निवडणुकीत बोईसरच्या नाक्यावर मी चहा पीत उभा होतो. समोरून प्रचाराची रिक्षा आली. वर भोंगा, पाठीला उमेदवाराचा हसरा फोटो, आणि आवाज असा खणखणीत की टपरीवरच्या बरण्या थरथरल्या. मी सवयीने आत डोकावलो, म्हटलं बघू तरी कोण पोरगा आहे. आत कोणीच नाही! ड्रायव्हर एकटाच, तंबाखू मळतोय. मी विचारलं, "अरे बाबा, बोलतोय कोण?" तो म्हणाला, "चाचा, पेनड्राइव्ह."

पेनड्राइव्हचा घसा बसत नाही. त्याला चहा लागत नाही, सावली लागत नाही, गावात मयत झालंय म्हणून गप्प बसावं हेही त्याला कळत नाही. पालघरपासून वाणगावपर्यंत माझं अर्धं आयुष्य त्या मागच्या सीटवर गेलं, आणि आता तिथे बोटाएवढी वस्तू बसते. वाईट वाटलं. का खोटं बोलू?

आम्ही मूळचे चाळीसगावकडचे. वडील बोईसरच्या एका कापडाच्या कारखान्यात लागले म्हणून इकडे आलो. मला देवाने रूप दिलं नाही, शिक्षणात डोकं दिलं नाही, पण आवाज मात्र सढळ हाताने दिला. क्रिकेटच्या टुर्नामेंटपासून सुरुवात झाली, मग साड्यांचे सेल, सर्कस, हरवलेली मुलं, आणि निवडणुका. निवडणूक आली की पक्ष कुठलाही असो, माणूस माझ्या दारात. नाव सुधाकर, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. सगळा तालुका मला 'भोंगेभाऊ' म्हणतो. बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणते.

लोकांना वाटतं, यात काय कठीण? माईक धरायचा आणि बोंबलायचं. बोंबलून बघा! रिक्षा येत असते तेव्हा माणूस आपल्या कामात असतो. ती दारावरून पुढे सरकली की मग मान वर करतो आणि विचारतो, 'कोण होता रं?' म्हणून येताना नाव घ्यायचं आणि जाताना चिन्ह सांगायचं. नाव विसरलं तरी चालेल, छत्री नाहीतर कपबशी डोक्यात राहिली पाहिजे. शाळा, दवाखाना आला की आवाज खाली. बोईसरच्या चाळींत शिफ्ट सुटल्यावरच जायचं आणि हिंदीत बोलायचं, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला माणूस चप्पल घेऊन बाहेर येतो. आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांत पानवेलीचं काम उरकलं की जायचं. कोळीवाड्यात भरती-ओहोटी विचारून, कारण होड्या लागल्या असतील तर बायका बंदरावर, घरात कुत्रंसुद्धा नाही. आणि आतल्या पाड्यांवर दिवाळीनंतर जाण्यात अर्थच नसे. अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर गेलेला असे. मग मी आपला झाडांना आणि कोंबड्यांना मतदान करण्याचं आवाहन करीत फिरायचो.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एका उमेदवाराने मला आपली विशेषणं पाठ करायला लावली होती. धडाडीचे, कणखर, अभ्यासू, गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे आशास्थान... ही आगगाडी संपून त्याचं नाव येईपर्यंत गल्ली संपायची! आपला माणूस पडला. दुसऱ्या एकाने हट्ट धरला की विरोधकाच्या घरासमोर रिक्षा थांबवून बोल. मी बोललो. पोटासाठी बोलावं लागतं. तर आतून विरोधकाची म्हातारी आई तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. "घसा सुकला आसंल, पी आदी. मंग दे शिव्या." पाणी प्यायलो आणि पुढच्या गल्लीत गेलो.

पण या धंद्यातली खरी गंमत वेगळीच होती. लोक माझ्याशी बोलत. वाणगावच्या पुढे एका पाड्यावर एक म्हातारा दर निवडणुकीला रिक्षा अडवायचा. हातपंप बिघडलाय, शाळेचा मास्तर येत नाही, असं सगळं मला सांगायचा. मी एकदा म्हटलं, "बाबा, उमेदवार मी नाय. मी नुसता आवाज आहे." तो म्हणाला, "तो येत नाय. तूच येतंस. मंग तुलाच सांगनार ना?" तेव्हापासून संध्याकाळी उमेदवाराच्या ऑफिसात गेलो की आधी पाड्यांची गाऱ्हाणी सांगायचो आणि मग चहा घ्यायचो. काही ऐकत, काही मोबाईलमध्ये डोकं घालत. पण त्या म्हाताऱ्याचं राजकारण सरळ होतं. जो दारात येतो, त्याच्याकडे मागायचं.

आता हिराची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच लिहायला बसलोय.

तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर एक मच्छीमारांचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून मासळी देतात आणि मला ती बंद करायची नाही. त्या गावचं सरपंचपद एका खेपेला बाईसाठी राखीव झालं. उभी राहिली हिरा. जगन तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. तो समुद्रात गेला की ही बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बाजारात तिचा आवाज असा की पलीकडच्या भाजीवाल्याचं गिऱ्हाईक इकडे वळायचं. पण माईक समोर धरला की बाई दगड! तोंडातून शब्द फुटायचा नाही, पदराचं टोक तेवढं चावायची.

जगनने मला बोलावलं. म्हणाला, "भोंगेभाऊ, हिला काय बोलता येत नाय. तुमीच हिचा आवाज."

मी हिराला विचारलं, "ताई, तुम्हाला सरपंच होऊन करायचंय काय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ओटे पायजेत."

"कसले ओटे?"

"बोंबील सुकवायला. वाळूत टाकतो आमी. वाळू लागते, कुत्रा तोंड घालतो, मंग बाजारात भाव पाडून मागतात. शिमिटचे ओटे बांदले तर बायांचा माल चांगला ऱ्हाईल. आनि विहिरीवर झाकण. पोरां आजारी पडतात पाण्यानी." एवढं बोलून तिने परत पदराचं टोक दातांत धरलं. पण मला कळलं, या बाईच्या डोक्यात सगळं लख्ख आहे. आरक्षण दर खेपेला फिरतं, पुढच्या वेळी सीट बाईची राहील याचा भरवसा नव्हता. आणि जगनने घरात सांगून टाकलं होतं, एकदाच. पडलीस तर पुन्हा नाव काढायचं नाही. म्हणजे ओटे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

समोर उभी होती जुन्या सरपंचाची सून. पैशाने, माणसांनी, सगळ्याच बाबतीत भारी. मी आठवडाभर जीव तोडून फिरलो. "हिराताई जगन तांडेल! निशाणी छत्री!" करून गाव दणाणून सोडलं. पण बायका मला हसून विचारायच्या, "भाऊ, तुमी उभे हाव का हिरा उभी हाय?" तिने एकदा तरी बोलायला हवं होतं. शेवटच्या दिवशी, प्रचार संपायच्या संध्याकाळी, देवळासमोर सभा ठरली. तिथे चार वाक्यं बोलते असं ती कशीबशी कबूल झाली.

आणि मध्येच तो सराव आला.

आमच्याकडे अणुवीज प्रकल्प आहे. त्याच्या आसपासच्या गावांत कधीकधी सराव होतो, म्हणजे उद्या काही झालंच तर लोकांनी काय करायचं त्याची तालीम. गावात जाऊन सूचना द्यायला भोंगा लागतो. आणि तालुक्यात भोंगा म्हटलं की कोण? अस्मादिक! प्रचार आणि सराव एकाच आठवड्यात आले. सरकारी कामाला कोण मुहूर्त बघतो? सरावाच्या सकाळी मी छत्री बाजूला ठेवली, रिक्षावरचे फ्लेक्स काढले आणि गावोगाव सांगत फिरलो. "ग्रामस्थांनो, लक्ष देऊन ऐका. हा सराव आहे. सर्वांनी घरात जावं. दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. पाणी आणि अन्न झाकून ठेवावं. पुढची सूचना येईपर्यंत कोणीही बाहेर पडू नये."

लोकांनी छान ऐकलं. माझा ऊर भरून आला. साहेबांनी पाठ थोपटली, मला दुसऱ्या गावी पाठवलं, आणि 'सराव संपला' हे सांगायला नंतर एक सरकारी जीप गेली. तिच्यात बोलणारा माणूस दुसरा होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण हिराच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका दुपारपर्यंत घरातच बसून राहिल्या होत्या हे मला कोणी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, 'आपल्या भावानी आत जायला सांगितला. बाहेर याला भावानी कुठं सांगितला? तो जीपवाला कोण?'

मग उजाडला शेवटचा दिवस. विरोधकांची सभा सकाळीच झाली होती, तुडुंब. आमची संध्याकाळी. देवळासमोर खुर्च्या मांडल्या, सतरंज्या घातल्या. हिरा नवी नऊवारी नेसून स्टेजवर बसली, हातात घडी घातलेला कागद, तो उलगडतेय आणि परत घडी घालतेय. मी म्हटलं, ताई घाबरू नका, आत्ता गाव गोळा करून आणतो. रफिकने रिक्षा काढली. रफिक माझा कायमचा ड्रायव्हर. गावाच्या टोकापासून मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली. "ग्रामस्थांनो, लक्ष देऊन ऐका!"

धाड! पहिली खिडकी बंद झाली.

मला वाटलं वारा असेल. समुद्रावरून वारा सुटला होता खरा, त्या वाऱ्यात शब्द उडून जातात आणि नुसता सूर पोचतो. मी आणखी जोर लावला. "सर्वांनी देवळासमोर यावं!" धाड, धाड. बायका अंगणातलं सुकट पाट्यांत भरून आत पळाल्या. पोरांना बखोटीला धरून ओढलं. एकीने विहिरीवर ताडपत्री टाकली. मी जसजसा पुढे जातोय तसतसं गाव बंद होत चाललंय! रफिक ब्रेक दाबून म्हणाला, "भाई, ये लोग आपसे डर क्यों रहे हैं?" आणि मग माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. अरे देवा! हाच आवाज, हाच सूर, हीच सुरुवात.

मी ओरडलो, "घाबरू नका! हा सराव नाही!"

एका बंद खिडकीआडून जनाबाय ओरडली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. "सराव नाय? मंग आज खराच झाला का रं?" आणि आत पोरं रडायला लागली.

आगीत तेल म्हणतात ते हे. मी म्हटलं, "नाय आजी, सराव संपला, बाहेर या!" तर दुसऱ्या घरातून, "कदी लावलेला का आज संपला?" मी जितकं बोलायचो तितक्या कड्या घट्ट व्हायच्या. तीस-तीस गावं मी या आवाजाने गोळा केली होती, आणि आज एक माणूस बाहेर काढता येत नव्हता. माईक खाली ठेवला. देवळासमोर आलो तर रिकाम्या खुर्च्या, एक कुत्रं, आणि जगन. तो माझ्यावर असा धावून आला की रफिक मध्ये पडला. "माजी बायको पाडलीस तू!" त्याचं काय चुकलं? सूर्य खाली चालला होता. वेळ संपली की प्रचार बंद, मग तोंड उघडायचं नाही.

हिरा स्टेजवरून उतरली. हातातला कागद तिने जगनच्या खिशात कोंबला. रिक्षापाशी आली आणि माझ्याकडे हात केला. "भाऊ, ता माईक इकडं द्या."

मी दिला. तिने तो बाजारात तराजू धरतात तसा धरला, आणि तिचा तो बोईसरच्या बाजारातला आवाज बाहेर पडला. "अगो जनाबाय! दार उघड! मी हिरा हाय. काय झाला नाय. भाऊ मतां मागत व्हता, तुमी खिडक्या लावल्यात! अगो पारू, ओसरीवर बोंबील तसाच ऱ्हायलाय, मांजर न्यायला लागला बग!"

पारूचं दार उघडलं. मांजराच्या नावाने काय उघडणार नाही? पारू बाहेर आली, मांजर कुठे दिसेना, तिने हिराकडे पाहिलं आणि फिसकन हसली. मग शेजारचं दार. मग त्याच्या पलीकडचं. हिरा स्टेजकडे परत वळलीच नाही. ती चालायला लागली. माईकची वायर रिक्षाला जोडलेली, म्हणून रफिक रिक्षा पायी चालल्यासारखी तिच्या मागून आणत होता आणि मी वायरचं भेंडोळं हातात घेऊन पळत होतो. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भोंग्यातून माझा आवाज येत नव्हता.

जनाबाय दारात उभी राहिली, कमरेवर हात. हिरा तिच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "आये, तुमी आज विहीर झाकलीत. भोंगा बोलला म्हनून झाकलीत. रोज उगडी असते, पोरां आजारी पडतात, तवा कोन भोंगा येतो? आपल्याला आत बसा सांगायला गाडी येते. बाहेर या, काय पायजे ता सांगा, आसा सांगायला कोन येत नाय. मी सांगतेय. या बाहेर. सांगा काय पायजे ता."

मग जनाबाय खेकसली, "माज्या दारासमोर गटार हाय, ता पयला बग! मंग ओटे!" आणि बाया हसल्या. मग जी सुरुवात झाली! कोणी म्हणालं बर्फ लांबून आणावा लागतो, कोणी म्हणालं बंदरावर दिवा नाही. एकीने तर हिरालाच सुनावलं की बाजारातली चांगली जागा तू अडवून बसतेस. हिरा भांडली, हसली, एकदा ओशाळलीसुद्धा. ते भाषण नव्हतंच, गाव अंगणात येऊन भांडत होतं. देवळासमोरच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. वेळ झाली तसा मी माईक बंद केला, पण बायका बोलायच्या थांबल्या नाहीत. जगन दूर उभा राहून बायकोकडे असा बघत होता, जशी काही ती आजच परगावाहून आली आहे.

निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. ओटे व्हायला फार दिवस गेले, अर्ध्यांवरच सिमेंट पडलं, बाकीचे अजून कागदावर आहेत. विहिरीला मात्र झाकण बसलं, आणि जनाबायच्या दारासमोरच्या गटारालाही. पुढच्या खेपेला हिराने मला बोलावलं नाही. म्हणाली, "भाऊ, आता मीच बोलतेय." माझं गिऱ्हाईक गेलं! पण त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेलो होतो.

मग माझा घसा गेला. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या तारांवर गाठी आहेत, आता ओरडणं बंद. आता मी बोलतो ते दाराची बिजागरी कुरकुरल्यासारखं. जनाबाय गेली. रफिक आता मुलाच्या रिक्षात मागे बसतो. हिराचं सरपंचपद कधीच संपलं, पण अजून बाजारात तिच्या टोपलीभोवती गाऱ्हाण्यांची गर्दी असते.

अलीकडेच मी सुकट आणायला तिच्या घरी गेलो होतो. चहा चाललेला, आणि बाहेर जीप आली. सराव. रेकॉर्ड केलेला आवाज, स्वच्छ, गोड, कुणा शहरातल्या मुलीचा. दारं-खिडक्या लावा. आम्ही लावली आणि अंधारात चहा प्यायलो. काही वेळाने तीच मुलगी गोड आवाजात म्हणाली, सराव संपला आहे, आपण बाहेर येऊ शकता. जीप निघून गेली.

एकही दार उघडलं नाही.

मी हिराकडे बघितलं. ती मजेत सुपारी कातरत होती. म्हणाली, "नाय येनार. इकडं आता तशी रीतच पडलीय. वळखीचा कोन बोलला का मंगच येतात. दर वक्ताला मीच सांगते." आणि अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "आज तुमी सांगा."

"अगं, माझा आवाज कुठे राहिलाय?"

"त्या टायमाला आत जायला सांगितलात ना? बाहेर याचा तुमीच सांगायचा ऱ्हायलाय."

मी ओसरीवर गेलो. गाव बंद, वारा तोच. ना भोंगा, ना माईक. जेवढा घसा होता तेवढा लावला. "झालं हो! या बाहेर!" फाटका, चिरका आवाज, मलाच लाज वाटली. समोरच्या घरापर्यंतसुद्धा पोचला नसेल.

पण समोरच्या खिडकीची फट किलकिली झाली. आतून कोणी तरी विचारलं, "कोन हाय?"

पारूचा आवाज आला, म्हातारी झालेली पारू. "भोंगेभाऊ हाय. आला एकदाचा सांगायला."

आणि तिने कडी काढली.